कामाचे हत्यार सोबत आणावे

एके दिवशी दुपारी शरयू मॅडम माझ्या खोलीत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि उजवा हात टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बघ."

मी बघितलं. हात नेहमीचाच होता. नखं बारीक कापलेली, मनगटावर घड्याळ नाही, बांगडी नाही. मी म्हटलं, "काय बघू?"

"तेच मलाही कळत नाहीये. करंगळीच्या बाजूला मनगटात दुखतंय. बरेच महिने झाले. आज ऑपरेशन चालू असताना हातातला स्क्रू-ड्रायव्हर सुटला. पेशंटला काही झालं नाही. पण पुढच्या वेळी होईल. कारण सापडेपर्यंत मी सुरी हातात धरणार नाही."

हे त्यांनी भाजी महागली असं सांगावं तसं सांगितलं. मी मात्र हादरले. कारण हातांवर ऑपरेशनं करणं सोडून या बाईंना दुसरं काही येत होतं असं मला वाटत नाही. स्वयंपाक तर नक्कीच येत नव्हता.

डॉ. शरयू केळकर हाडांच्या डॉक्टर. तळेगावात, घोरावाडी स्टेशनवरून चालत जाता येईल असा त्यांचा दवाखाना आणि मागे छोटं ऑपरेशन थिएटर. मी तिथली फिजिओथेरपिस्ट. हाडांचे डॉक्टर तळेगावात पुष्कळ, पण मावळात 'मनगटवाल्या बाई' म्हटलं की रिक्षावाला पत्ता न विचारता आमच्या दारात आणून सोडायचा. साधं दुखणं त्यांच्याकडे यायचंच नाही. आधी तेल, मग पट्टा, मग कोणाची तरी इंजेक्शनं, मग कोणाचा तरी दुसरा पट्टा, आणि सगळ्यांनी हात टेकले की पेशंट आमच्याकडे. त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस वैतागलेला असायचा, आणि मॅडम त्याच्याहून वैतागलेल्या.

दारावर पाटी होती: 'कामाचे हत्यार सोबत आणावे.' मॅडमनी ती स्वतः रंगवली होती आणि तिच्यावरून कोणाशीही भांडायची त्यांची तयारी असे. त्यामुळे आमची बाहेरची खोली दवाखान्याची वाटायचीच नाही. गवंडी थापी मांडीवर घेऊन बसलेला. शिवणकाम करणारी बाई मोठी कात्री रुमालात गुंडाळून आलेली. लोणावळ्याच्या चिक्कीच्या कारखान्यातला माणूस चिक्की लाटायचं जाडजूड लाटणं घेऊन आलेला, आणि शेजारची आजी ते बघून जरा लांब सरकून बसलेली. एक टुरिस्ट गाडीचा ड्रायव्हर स्टिअरिंग काढून आणता येत नाही म्हणून त्याचं कव्हर घेऊन आला होता. मॅडमनी ते कव्हर त्याच्या हातात देऊन त्याला खंडाळ्याचा अख्खा घाट उतरायला लावला, खुर्चीत बसल्या बसल्या. एका शेतकऱ्याला तर विळा घेऊन स्टेशनवर उतरला म्हणून पोलिसांनी धरलं. मॅडमनी फोनवर त्या हवालदाराला असं काही झापलं की तो विळ्यासकट माणसाला स्वतः पोचवायला आला आणि जाताना स्वतःचा खांदाही दाखवून गेला.

"दुखतं कुठे ते शेवटी सांगा. आधी काम करून दाखवा," हे त्यांचं पहिलं वाक्य. मग त्या डोळे मिटून मनगट हातात घ्यायच्या आणि अंगठ्यानं चाचपत जायच्या. मनगटातून बोटांकडे जाणाऱ्या स्नायूंच्या टोकांना त्या दोऱ्या म्हणायच्या. कोणती दोरी कुठून कुठे जाते, कुठल्या खोबणीत बसते, हे त्या पेशंटला त्याच्याच हातावर पेनानं रेघा ओढून दाखवत. बायकांच्या बांगड्यांवरून रोज एक तरी वाद. "काढायच्या नाहीत? बरं, मग कोपरापर्यंत वर सरकवा. मला मनगट उघडं हवं." स्वतःचं घड्याळ त्या पर्सच्या पट्ट्याला अडकवत. दुपारचं जेवण म्हणजे उभ्या उभ्या एक पोळीची गुंडाळी. आणि ज्याला कुठेच काही सापडलं नव्हतं अशा पेशंटला त्या हमखास सांगत, "सापडलं नाही याचा अर्थ काही नाही असा होत नाही. अजून सापडलं नाही, एवढाच होतो."

जवळच्या इंदुरी गावच्या हौसाबाईंचं उदाहरण सांगितल्याशिवाय मॅडम कळायच्या नाहीत.

हौसाबाई गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला. डावं मनगट सुजलेलं, वळवलं की कळ. सगळ्यांनी वात म्हणून औषधं दिली होती. एक्स-रे स्वच्छ. त्या फुलं कापायची कात्री घेऊन आल्या.

"कात्री कुठल्या हातात धरता?" मॅडमनी विचारलं.

"उजव्या."

"आणि दुखतंय डावं."

"व्हय."

"मग डावा हात काय करतो?"

हौसाबाई बुचकळ्यात पडल्या. "त्यो काय करतोय? त्यो नुसता देठ धरतोय."

'नुसता' हा शब्द मॅडमना अजिबात खपायचा नाही. त्यांनी मला कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडे पिटाळलं. मी देठासकट गुलाब आणले. हौसाबाईंनी एक देठ डाव्या हातात धरला आणि मनगटाच्या आतल्या बाजूनं शेजारच्या फांद्या सवयीनं बाजूला सारल्या, रोपं तिथे नसतानाही. मॅडम पुढे वाकल्या.

"इथे काटा घुसला होता का कधी?"

"काटं तर रोज घुसत्यात बाई. त्येचं काय एवडं?"

"मोडलेला? अर्धा आत राहिलेला?"

हौसाबाईंनी आठवून पाहिलं. "दिवाळीच्या आदी येक मोडलता. सुईनं काडला की मी."

"सगळा निघाला होता का?"

हौसाबाई मनगट उलटसुलट करून बघायला लागल्या. काटा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून सोनोग्राफी केली. सोनोग्राफीचे डॉक्टर म्हणाले काही नाही. मॅडम त्यांच्या डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या, मनगट आडवं करा म्हणाल्या, उभं करा म्हणाल्या, पुन्हा बघा म्हणाल्या. शेवटी एक बारीक रेघ दिसली. ऑपरेशनमध्ये सांध्याच्या अस्तरातून काट्याचं टोक निघालं. स्टीलच्या वाटीत ते हौसाबाईंना दाखवलं तेव्हा त्या कितीतरी वेळ बघतच राहिल्या.

"येवड्याशानं माजा हात बंद पाडला व्हय?" त्या म्हणाल्या, आणि त्या काट्याला त्यांनी जी शिवी दिली ती इथे लिहिता येत नाही. मॅडम मात्र खूप हसल्या.

सुदुंबऱ्याचे ज्ञानोबा आबा म्हशींच्या धारा काढायची कासांडी घेऊन आले होते. "म्हस आनली नसती का, पर टेम्पोवाला न्हाई म्हनला," असं त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. त्यांच्या मनगटावर तळव्याच्या बाजूला मऊ सूज होती आणि बोटांना मुंग्या यायच्या. धारा काढून काढून सूज आली, असं सगळेच म्हणत होते. मॅडमनी सूज वरून दाबली तर ती खाली सरकली, खालून दाबली तर वर. दाबताना आत काहीतरी बारीक करकरत होतं. मॅडमचा चेहरा एकदम गंभीर झाला.

हात उघडला तेव्हा आतून तांदळाच्या कण्या निघाल्या. म्हणजे दिसायला हुबेहूब कण्या. दोऱ्यांच्या अस्तरात क्षयरोग झाला की असे दाणे तयार होतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, बघितलं नव्हतं. तपासणीत तसंच निघालं.

"ना खोकला, ना ताप. मनगटाला कुटं क्षय हुतो का?" आबा म्हणाले.

"होतो. कमी लोकांना होतो. तुम्हाला झालाय."

"म्हंजी इंद्रायणीचं भात माज्या मनगटात बी पिकलं म्हना की." ते हसले, पण घाबरले होते. गोळ्या सरकारी दवाखान्यातून सुरू झाल्या. सूज उतरली, मुंग्या थांबल्या आणि आबा दिसेनासे झाले. सुदुंबऱ्याच्या दुसऱ्या एका पेशंटकडून कळलं, आबांनी गोळ्या सोडल्यात.

मॅडमनी त्याच दुपारी गाडी काढली. त्या गाडीची मागची काच वर जायची नाही, त्यामुळे सुदुंबऱ्याच्या रस्त्याची सगळी धूळ मी खाल्ली. आबा गोठ्यात होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा पडला.

"आता लय बरं हाय बाई. गोळ्या कशाला?"

मॅडमनी एक बादली पालथी घातली, पदर खोचला आणि तिच्यावर बसल्या. "तुम्ही गोळी घ्या, मग मी जाते."

"गोळ्या संपल्या की."

मॅडमनी पर्समधून पाकीट काढून दाखवलं. येताना त्या सरकारी दवाखान्यातून घेऊन आल्या होत्या. आबा म्हणाले नंतर घेतो. मॅडम म्हणाल्या बसते. आबांनी वैरण टाकली, शेण ओढलं, म्हशीला उगाच दोन वेळा पाणी दाखवलं. मॅडम तशाच बसून. शेवटी आबांच्या बायकोनं तांब्या आणून नवऱ्याच्या हातात आपटला आणि म्हणाली, "घ्या की वं, त्या बाईच्या कंबरंचा तरी इचार करा." आबांनी गोळ्या घेतल्या. पुढे कोर्स पुरा होईपर्यंत मॅडमची गाडी अधूनमधून न सांगता सुदुंबऱ्याच्या रस्त्याला लागायची. शेवटी शेवटी तर गाडीचा आवाज आला की आबा पाण्याचा तांब्या घेऊनच बाहेर येत.

आणखी एकच. एका कारखान्यातल्या तरुण कामगाराला त्याचा सुपरवायझर घेऊन आला होता. सगळे रिपोर्ट स्वच्छ. सुपरवायझर त्याच्यादेखत म्हणाला, "मॅडम, याचं नाटक आहे. मशीनवर हात दुखतो आणि कँटीनमध्ये हसतो."

"तुमचं निदान झालं असेल तर तुम्ही बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी त्या मुलाला फक्त झोपेविषयी विचारलं. रात्री कळ वाढते, एक साधी गोळी घेतली की पार जाते, सकाळी पुन्हा. त्यावरून मॅडमनी पुन्हा बारकाईनं स्कॅन करायला लावला, तर मनगटातल्या एका चिमुकल्या हाडात तांदळाएवढी गाठ होती. ती खरवडून काढली आणि दुखणं गेलं. त्या दिवशी मॅडम चहा पिताना बराच वेळ धुमसत होत्या. "नाटक हे निदान नाही गं. डॉक्टर दमला की तो असं म्हणतो," त्या म्हणाल्या.

तर अशा बाईंचं स्वतःचं मनगट आता माझ्या टेबलावर होतं.

नियम सगळ्यांना सारखा, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या आपली हत्यारं घेऊन आल्या. सुरी, चिमटे, हाडाला भोक पाडायचं ड्रिल, तो सुटलेला स्क्रू-ड्रायव्हर. माझ्या टेबलावर सगळं मांडलं आणि एकेक उचलून, ऑपरेशन करतात तसं करून दाखवलं. कधी थोडं दुखायचं, कधी नाही. नेमकं काही हाती लागेना. मग पेन. मग गाडीचं स्टिअरिंग. मग पेशंटची मनगटं दाबणारा अंगठा. मी रोज नवीन काहीतरी तपासत होते आणि रोज रिकाम्या हातानं घरी जात होते. मॅडम पुण्याला जाऊन एमआरआय करून आल्या, तर रिपोर्टमध्ये वयानुसार थोडी झीज.

"वयानुसार!" तो कागद त्यांनी माझ्यासमोर आपटला. "हे काय निदान आहे? मग डावं मनगट काय माझ्यापेक्षा लहान आहे?"

पुण्यातल्या त्यांच्या एका मित्रानं, स्वतः मोठा सर्जन, त्यांना समजावलं होतं की आता ऑपरेशनं पुरे, पेशंट तपासा, मुलांना शिकवा. तो चांगल्या मनानं बोलला असेल. पण ते ऐकून आल्यावर दोन दिवस मॅडम कोणाशी धड बोलल्या नाहीत. थिएटरला कुलूप लागलं. आमच्या सिस्टर रोज ते उघडून पुसून घेत आणि पुन्हा बंद करत. ज्यांचं ऑपरेशन हवं त्यांना पुण्याला पाठवलं जाई, आणि पेशंट चिठ्ठी घेऊन बाहेर पडला की मॅडम दाराकडे बघत राहत. एके दिवशी मला त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीखाली मनगटाचा पट्टा दिसला. ज्या बाईनं आयुष्यभर पट्ट्यांना शिव्या घातल्या, तिच्या हातावर पट्टा. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, कोणाचा ते मात्र कळेना.

मी एकदा विचारलंही होतं, "मॅडम, घरी काय काय करता?"

"घरी काय करणार? वाचते, जेवते, झोपते."

मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेले.

मॅडमच्या घरी त्यांच्या आई होत्या. माई. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचा खांदा आखडत चालला म्हणून त्याच सुमारास मॅडमनी मला व्यायाम द्यायला घरी बोलावलं. दुपारची वेळ होती. माईंचं करायला दिवसभर एक मावशी असायच्या. मी माईंचा हात हलवत होते तेवढ्यात मॅडम दवाखान्यातून आल्या. हात धुतले, मावशींना म्हणाल्या, "सरका," आणि माईंपाशी गेल्या. माई उशीवरून खाली घसरल्या होत्या. मॅडमनी उजवा हात पालथ्याचा उताणा करून माईंच्या कमरेखाली सरकवला, डावा मानेखाली, आणि एका दमात त्यांना वर ओढून कुशीवर वळवलं.

"हळू गं," माई वाकड्या तोंडानं म्हणाल्या.

"हळूच करतेय गं."

आणि मला आवाज आला. टक्. अगदी बारीक. मॅडमनी क्षणभर डोळे घट्ट मिटले, उघडले आणि माईंकडे बघून हसल्या.

मी म्हटलं, "मॅडम, हे रोज करता?"

"मग? सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री कूस बदलायला. माईला दुसऱ्यानं उचललेलं चालत नाही. घाबरते."

"हे तुम्ही मला दाखवलं नाहीत."

"काय दाखवायचं?"

"काम."

त्या माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत माझ्यावर त्या तशा कधी चिडल्या नव्हत्या. "हे काम आहे का, मेधा? ही माझी आई आहे."

माझीही जीभ आवरली नाही. मी म्हटलं, "हौसाबाई म्हणाल्या होत्या, नुसता देठ धरतोय."

मावशी हातातला टॉवेल तसाच धरून उभ्या. माई एकदा लेकीकडे बघत, एकदा माझ्याकडे. मॅडम आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. त्यांनी तो उताणा केला, पालथा केला, पुन्हा उताणा केला. मग खुर्चीत बसल्या. साऱ्या मावळाच्या बायकांना, घरी कोण काय करतं, पाणी कोण भरतं, पोर कोण उचलतं, हे खोदखोदून विचारणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या घरातली ही एक गोष्ट कामात धरलीच नव्हती. मग त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी लवकर ये. आणि नाश्ता दाबून करून ये, वजन भरायला हवं."

दुसऱ्या दिवशी मी तपासायच्या टेबलावर मेल्यासारखी पडले. सोनोग्राफीचे तेच डॉक्टर मॅडमच्या मनगटावर यंत्र धरून वाकलेले. मॅडमनी उताणा हात माझ्या कमरेखाली घातला आणि मला उचललं. पडद्यावर एक दोरी आपल्या खोबणीतून उसळून बाहेर आली, आणि हात खाली येताच परत आत गेली. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. तिला जागेवर धरून ठेवणारा मनगटाच्या आतला पट्टा फाटला होता. एमआरआय काढताना हात स्थिर ठेवायला सांगतात, तेव्हा ती शहाण्यासारखी जागेवर बसून राहायची. म्हणून कोणालाच दिसली नव्हती.

"सापडली!" मॅडम इतक्या जोरात ओरडल्या की बाहेरचे पेशंट दारात आले. मी अजून त्यांच्या हातावर लोंबकळत होते.

ऑपरेशन पुण्यात त्यांच्या त्याच मित्रानं केलं. आतला फाटलेला पट्टा पुन्हा बांधला आणि कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. पण त्याआधी मॅडमनी ते टाळायचा पुष्कळ प्रयत्न केला, कारण प्रश्न एकच होता, माईंना कोण उचलणार. हे हौसाबाईंच्या कानावर कसं गेलं कोण जाणे. त्या एके सकाळी पिशवी घेऊन इंदुरीहून हजर.

"आमी हाय की. ह्यो डावा हात तुमीच दिलाय. आता वापरायचा न्हाई म्हंता का?"

मॅडमनी त्यांच्या हातातली पिशवी घेऊन आत ठेवली. मी हौसाबाईंना आणि मावशींना शिकवलं, दोघींनी मिळून चादरीसकट कसं सरकवायचं, मनगटावर भार न घेता. माईंनी पहिले दोन दिवस आरडाओरडा केला. तिसऱ्या दिवशी हौसाबाईंनी उचलताना त्यांना पॉलिहाऊसमधल्या भांडणाची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि ती अर्धीच ठेवली. मग माई पुढच्या वेळेची वाट बघायला लागल्या. मॅडम प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसायच्या आणि सारख्या सूचना द्यायच्या. हौसाबाई म्हणाल्या, "बाई, तुमी जरा गप बसाल का?" आणि मॅडम गप्प बसल्या. हे दृश्य मी आयुष्यात विसरणार नाही.

प्लास्टर निघाल्यावर हात लाकडासारखा झाला होता. माझ्याइतका हट्टी फिजिओ आणि त्यांच्याइतका हट्टी पेशंट, आमची रोज जुंपायची. मी थांबा म्हटलं की त्या आणखी करायच्या. ओला रुमाल पिळणं, पाण्याची बाटली उचलणं, हात उताणा-पालथा. वेदनेनं घाम फुटायचा, तोंडातून हूं की चूं नाही. मित्रानं फोनवर विचारलं, ऑपरेशनं परत करायचा विचार आहे का. मॅडम म्हणाल्या, "विचार नाही, तयारी आहे." काही महिन्यांनी थिएटरचं कुलूप निघालं. पहिलं ऑपरेशन झाल्यावर त्या बाहेर आल्या, माझ्यासमोर हात उताणा करून दाखवला आणि चहा प्यायला गेल्या. टक् असा आवाज आला नव्हता.

त्यानंतरच्या थंडीत माई गेल्या. झोपेतच गेल्या. हात बरा झाला आणि त्या हातानं उचलायचं माणूस गेलं. मी भेटायला गेले तेव्हा मॅडम माईंच्या रिकाम्या पलंगाशेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता अजिबात दुखत नाही, मेधा." आणि त्या रडल्या. मीही रडले. हौसाबाई स्वयंपाकघरात पिठलं करत होत्या, त्या तिथूनच डोळे पुसत होत्या.

आता माझं स्वतःचं सेंटर आहे, लोणावळ्याला. मॅडम अजून तिथेच आहेत, पाटीही तीच. परवा एका बाईला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. चिक्कीच्या कारखान्यात काम करणारी, तिशीतली बाई. मनगट दुखतंय, रिपोर्ट स्वच्छ, घरचे म्हणतात नाटक करते. माझ्या हाताला काही लागत नव्हतं. मी सांगितल्यावरून तिनं लाटणं आणलं होतं. मॅडमनी ते हातात घेतलं, वजन बघितलं आणि बाजूला ठेवलं.

"घरी अंथरुणावर कोणी आहे का?"

बाई दचकली. "सासू हाय."

"तिला कोण उचलतं?"

"मीच की. त्यात काय येवडं?"

मॅडम उठल्या. चपला काढल्या, तपासायच्या टेबलावर चढल्या आणि उताण्या आडव्या झाल्या. आता त्यांचे केस पुष्कळ पांढरे झालेत. त्यांनी अंग सैल सोडलं, दोन्ही हात बाजूला टाकले.

"उचल मला."

बाई माझ्याकडे बघायला लागली. "तुमाला? मी कशी उचलू बाई तुमाला?"

"घरी जशी उचलतेस तशी. मी मदत करणार नाही."

बाईनं पदर कमरेला खोचला. घाबरत घाबरत एक हात मानेखाली घातला, दुसरा उताणा करून कमरेखाली सरकवला आणि दम धरून ओढलं. मॅडमचे डोळे मिटलेले होते. मान एका बाजूला कलली आणि त्यांच्या तोंडून हलकेच निघालं, "हळू गं."

माईंचाच आवाज होता तो. मला पुढचं नीट दिसेना.

अर्ध्यावर आल्यावर बाई कळवळली. मॅडमनी खाडकन डोळे उघडले आणि तिच्या हातावर तशाच लोंबकळत, आपल्या उजव्या हातानं तिचं मनगट पकडून अंगठा नेमका टेकवला.

"इथंच ना?"

"व्हय बाई," ती म्हणाली. "हितंच."